पाहुण्याच्या पिशवीत आपला माल जातो का?

परगावी गेलेला माणूस रिकाम्या हाताने घरी येत नाही, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. लोणावळ्याहून चिक्की येते, आग्ऱ्याहून पेठा, अजमेरहून सोहन हलवा आणि सोलापूरहून चादर. हाजीसाहेब परत आले की साऱ्या मोहल्ल्यात जमजम आणि खजूर वाटले जातात. त्यांच्या सामानात जानमाज आणि तसबीहही असतात, पण लेबल वाचले तर त्यातल्या बऱ्याचशा चीन किंवा तुर्कस्तानात तयार झालेल्या दिसतात. मदीनेच्या अजवा खजुराची सर मात्र त्यांना येत नाही, कारण तो त्या मातीतला असतो. घरच्या लोकांना नुसती वस्तू नको असते, त्या गावाचा थोडा अंश हवा असतो.

ही गोष्ट भावनेची वाटेल, पण तीत मोठा व्यापार आहे. जी वस्तू कुठेही मिळते तिला बाजारभाव मिळतो, आणि जी एकाच गावची आहे तिला त्या गावचा भाव मिळतो. आमचा धंदा कापडाचा, म्हणून उदाहरणही कापडाचेच घेतो. ते आहे औरंगाबादचे हिमरू. शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले, कापड मात्र अजून जुन्याच नावाने ओळखले जाते.

हिमरू आणि मशरू

मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली. त्या लोंढ्याबरोबर विणकरही दख्खनेत आले आणि राजधानी परत गेली तरी ते इथेच राहिले, असे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. पुढे मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, तीच नंतर औरंगाबाद झाली. मोगल आणि निजाम यांच्या काळात या शहरात किनखाब, हिमरू आणि मशरू विणले जात असे.

किनखाब म्हणजे रेशीम आणि जर. ते अमीर-उमरावांना परवडे. हिमरूत उभा धागा सुताचा आणि नक्षीचा आडवा धागा रेशमाचा, त्यामुळे दिसायला किनखाबाच्या जवळ आणि किमतीत हलके. नावाचा अर्थही फारसीत 'सारखे दिसणारे' असा लावतात. निजामाच्या राज्यात हिमरूच्या शेरवानीला मोठा मान होता.

मशरूची गोष्ट आपल्या वाचकांना अधिक जवळची आहे. मशरू म्हणजे शरीअतने परवानगी दिलेले. पुरुषांना निव्वळ रेशीम वर्ज्य, म्हणून विणकरांनी असे कापड काढले की वरून रेशमाची चमक आणि अंगाला लागणारी बाजू सुताची. गिऱ्हाइकाची गरज आणि त्याचे इमान, दोन्ही सांभाळणारे हे कापड आहे.

जुन्या हिमरूच्या मागावर दोन माणसे लागत. एक विणणारा आणि दुसरा नक्षीसाठी जाळ्याच्या दोऱ्या ओढणारा. पुढे भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांचे जॅकार्ड आले आणि दोऱ्या ओढणाऱ्याचे काम संपले. नंतर यंत्रमाग आला. आज हाताने हिमरू विणणारे माग बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, आणि विणकराची मुले त्या मागावर बसायला तयार नाहीत.

गिऱ्हाईक दारात आहे

नवल असे की गिऱ्हाईक कमी झालेले नाही. अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही लेणी १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटर, अजिंठा सुमारे १०० किलोमीटर, आणि दोन्हींची वाट वेगळी. एका दिवसात दोन्ही नीट पाहून होत नाहीत, म्हणून प्रवाशाला शहरात मुक्काम करावा लागतो. मुक्काम आला की संध्याकाळची खरेदी आलीच. त्याशिवाय बीबी का मकबरा आणि पाणचक्की पाहणारे, दौलताबादच्या किल्ल्यावर जाणारे, खुलदाबादला दर्ग्यांवर आणि उरुसाला येणारे, शाळांच्या सहली, लग्नाचा बस्ता बांधायला येणारे लोक आहेत. परदेशी पाहुण्यांपेक्षा देशी पाहुणे कितीतरी अधिक आहेत, आणि त्यांनाही घरी काहीतरी न्यायचे असते.

मग त्यांच्या पिशवीत काय जाते? बरेचदा परगावच्या यंत्रमागावर निघालेली शाल 'खास हिमरू, हातमाग' म्हणून जाते. कृत्रिम धाग्याची साडी 'पैठणी' म्हणून जाते. वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर स्फटिकाचे दगड मिळतात. दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळीत ते सापडतात आणि ही अस्सल इथली वस्तू आहे. पण काही विक्रेते त्यांनाही रंग देऊन विकतात. अस्सल वस्तूलाही नकलीचा वेष चढवायचा, याला काय म्हणावे?

कमिशनचे गणित

याचे एक कारण कमिशन आहे. गाडीवाला किंवा गाईड प्रवाशाला दुकानात आणतो आणि विक्रीवर आपला वाटा घेतो. समजा शाल १००० रुपयांना गेली आणि त्यातले ३०० रुपये आणणाऱ्याचे झाले. उरलेल्या ७०० रुपयांत दुकानाचे भाडे, नोकराचा पगार, विजेचे बिल आणि मालाची किंमत बसवायची. हातमागाचा माल या हिशेबात बसत नाही, यंत्राचा आरामात बसतो. मग दुकानदार यंत्राचा माल ठेवतो आणि भाव हातमागाचा लावतो. नफा आणणारा आणि विकणारा वाटून घेतात, विणकराच्या हाती काहीच पडत नाही. दोन-चार वर्षांत तो माग विकून रिक्षा घेतो किंवा कारखान्यात कामाला लागतो. मग खरा माल मागणारा आला तरी दाखवायला काही नसते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही यंत्रमागाच्या विरोधात नाही. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीची चूल त्यावर पेटते, आणि त्यात आपले हजारो भाऊ आहेत. यंत्रमागाचे कापड हलाल कमाईचे कापड आहे. ते यंत्रमागाचे म्हणून विकावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. 'हिमरू नमुन्याची यंत्रमागावरची शाल' असे सांगून ३०० रुपयांना विकलेल्या मालात बरकत आहे. तीच शाल हातमागाची सांगून ३००० ला विकणे ही फसवणूक आहे.

उलटी बाजू दाखवा

गिऱ्हाईक आता अडाणी राहिलेले नाही. दुकानात उभ्या उभ्या तो मोबाइलवर भाव पाहतो. म्हणून पारख आपणच त्याला शिकवावी.

पैठणी उलटून दाखवावी. हाताने विणलेल्या पैठणीच्या पदरावरची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते आणि मागे धागे लोंबत नाहीत. यंत्राच्या साडीत मागे मोकळे धागे किंवा कापलेली टोके दिसतात. हिमरूचे उलटे आहे. त्यात नक्षीचा जादा धागा मागे मोकळा असतोच, म्हणून शेरवानीला अस्तर लावतात. हा फरक सांगितला नाही तर गिऱ्हाईक चांगले हिमरू खराब समजून परत करते.

धाग्याची परीक्षा सोपी आहे. एक तंतू जाळावा. रेशीम आणि लोकर जळताना केस जळाल्यासारखा वास येतो. सुताला कागदाचा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रेशमासाठी सिल्क मार्क २००४ पासून आणि हातमागासाठी हँडलूम मार्क २००६ पासून आहे. ज्या मालावर ते आहेत तो माल पुढे मांडावा.

बिदरीच्या भांड्यांबाबतही तसेच. बिदर आणि औरंगाबाद १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होती, त्यामुळे बिदरी इथल्या दुकानांत पूर्वीपासून आहे. पण ती बिदरची कला आहे, हे पाहुण्याला सांगावे. नवी सुरई 'नवाबी काळातली' म्हणून खपवू नये. शंभर वर्षांवरील वस्तू देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने मनाई आहे. खोटे सांगून विकलेल्या भांड्यापायी परदेशी पाहुणा विमानतळावर अडकला तर तो आपल्या शहराची काय कीर्ती करील?

करण्यासारखी कामे

पहिले काम, लहान वस्तू ठेवा. विमानाने जाणाऱ्याला सामानाच्या वजनाची चिंता असते, आणि सहलीच्या मुलाकडे शंभर-दोनशे रुपये असतात. हिमरूच्या उरलेल्या तुकड्यांतून चष्म्याचे घर, बटवा, पुस्तकातली खूण, उशीचा अभ्रा सहज होतो. यात घरच्या बायकांच्या हातांनाही काम मिळते.

दुसरे, प्रत्येक वस्तूबरोबर छोटी चिठ्ठी द्या. काय आहे, कुठे विणले, धागा कोणता, हाताचे की यंत्राचे, धुवायचे कसे, आणि विणकराची हरकत नसेल तर त्याचे नाव. बिलावरही हेच लिहा. पाहुणा घरी गेल्यावर तीच चिठ्ठी चारजणांना वाचून दाखवतो, ती आपली फुकटची जाहिरात होते.

तिसरे, नोंदणी करा. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मानांकन गावाच्या मालाला मिळते, पण त्याचा कायदेशीर लाभ घ्यायचा तर कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावे लागते. त्याचे शुल्क २०२० च्या दुरुस्तीने ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आले. विणकराला अर्ज भरता येत नसेल तर व्यापाऱ्याने भरून द्यावा.

चौथे, रेल्वेच्या 'एक स्टेशन एक उत्पादन' योजनेची चौकशी करा. २०२२ पासून स्टेशनांवर स्थानिक मालाला स्टॉल दिले जात आहेत. तिथे गाईड नाही आणि कमिशनही नाही.

पाचवे, विणकराला मालाचे पैसे रोख द्या. उधारीवर माग चालत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला. आतले धान्य ओले निघाले. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही हकीकत आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. कापडाच्या दुकानात तिचा अर्थ एवढाच, की घडी उलगडून उलटी बाजू गिऱ्हाइकाला आपण होऊन दाखवावी. असे करणारी दुकाने वाढली तर हिमरूच्या मागावर आणखी एक पिढी बसेल. ती बसली नाही तर पुढच्या पाहुण्याला आपण हिमरूची फक्त गोष्ट सांगू शकू.