चार हातांची पोळी

खापरावरची पुरणपोळी एकटीनं होत नाही. जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही घरात विचारा, हेच उत्तर मिळेल. एकीनं चुलीचा जाळ सांभाळायचा, एकीनं पुरणाचे उंडे भरून द्यायचे आणि जिचा हात बसलेला असेल तिनं पोळी हातावर वाढवायची. म्हणून ही पोळी, म्हणजेच मांडे, करायचे ठरले की आधी माणसं ठरतात. जाऊ कधी येणार, नणंद माहेरपणाला किती दिवस राहणार, शेजारच्या काकू सकाळी मोकळ्या आहेत का, हे सगळं जुळलं की मग हरभऱ्याची डाळ शिजायला पडते. खानदेशी खाण्याबद्दल बोलताना शेवभाजीचा तिखटपणा, काळा मसाला आणि कळण्याची भाकरी यांचीच चर्चा फार होते. मला मात्र इथल्या स्वयंपाकाचा हा दुसरा गुण मोठा वाटतो. तो माणसांना गावाकडं बोलावून घेतो आणि परत जाताना त्यांच्या हातात डबा देतो.

मांड्याची तयारी पोळीच्या आदल्या दिवशीच सुरू होते. जुन्या पद्धतीत गहू ओलवून, फडक्यात झाकून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी दळायचे आणि पीठ वस्त्रगाळ करायचे. कोंडा निघून गेलेलं ते पांढरंशुभ्र सपीट सैलसर भिजवून इतकं मळायचं की त्याला तार सुटली पाहिजे. मळलेल्या गोळ्यावर पाण्याचा हात मारत राहायचं आणि तो बराच वेळ मुरू द्यायचा. या मेहनतीमागं साधं कारण आहे. गव्हातलं ग्लूटेन पाणी पिऊन आणि मळून लवचीक होतं, म्हणूनच पुढं पोळी वीतभराची हातभर होते तरी फाटत नाही. मध्ये कोंडा राहिला तर नेमकी तिथंच भोक पडतं. पुरण डाळीच्या बरोबरीनं गूळ किंवा साखर घालून घोटलेलं, वेलदोडा-जायफळ लावलेलं आणि अगदी मऊ वाटलेलं हवं. डाळीचा एक अख्खा दाणा राहिला तरी तो पोळी फाडतो. जळगाव हे डाळमिलचं शहर असल्यानं इथल्या बायका डाळीच्या बाबतीत चोखंदळ असतात. नवी डाळ कोणती, जुनी कोणती हे त्यांना बोटात धरून कळतं.

मग खरी पोळी. पिठाच्या दोन पाऱ्यांमध्ये पुरण भरून कडा दाबायच्या, थोडं लाटायचं आणि पोळी उचलून हातावर घ्यायची. या हातावरून त्या हातावर झेलताना ती स्वतःच्या वजनानं वाढत जाते. तळव्यापुरती होती ती मनगटावर येते, मनगटावरून कोपरापर्यंत पसरते. करणारीच्या बांगड्या वर सरकवलेल्या असतात, नजर पोळीच्या कडेवर असते आणि बोटं कुठंही टोचू नयेत म्हणून पालथ्या मुठींवर ती फिरत असते. तीन दगडांच्या चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं असतं. त्याच्या घुमटावर पोळी एका झोक्यात पडली पाहिजे. सुरकुती पडली की ती जागा कच्ची राहते. घुमटाच्या माथ्याला आच जास्त आणि कडेला कमी, म्हणून जाळाकडं बसलेली बाई काड्या मागं-पुढं करत राहते. आठवडाभरानंतरही जी जमली त्या पोळीचं नाव निघतं आणि जी फाटली ती लगेच तिथंच बसलेल्या पोरांच्या पोटात जाते.

हे सगळं अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला. बाहेर पारा पंचेचाळिशीच्या आसपास आणि आत चूल पेटलेली. तरी लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पितरांच्या नावानं घागर भरली जाते, तिच्यावर खरबूज आणि आंबा ठेवतात, सांजोऱ्या होतात आणि ताटात मांड्याबरोबर आमरस असतो. वर्षातला पहिला आंबा आखाजीच्या आधी खायचा नाही, असा कित्येक घरांचा नेम आहे. लग्नानंतरची पहिली आखाजी तर माहेरीच व्हायला हवी. शेतीची कामं थांबलेली, लग्नसराई सुरू, पाऊस अजून लांब. लेकीला घरी आणायला याहून बरा वेळ शेतकऱ्याला वर्षभरात मिळत नाही.

मांड्यांची एक कथा महाराष्ट्रभर सांगितली जाते. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले, या भावंडांवर राग असलेल्या विसोबांनी कुंभारांना खापर द्यायला मना केलं, तेव्हा ज्ञानेश्वरांनी जठराग्नी पेटवून पाठ तापवली आणि मुक्ताईनं त्या पाठीवर मांडे भाजले. कथा आळंदीची, पण तिची नायिका शेवटी आमच्याकडं आली. इसवी सन 1297 मध्ये तापीकाठी मेहूणजवळ मुक्ताई अंतर्धान पावली अशी श्रद्धा आहे. जवळच्या एदलाबाद गावाचं नाव आता मुक्ताईनगर आहे आणि तिथून दर आषाढीला मुक्ताईची पालखी महिनाभराहून अधिक चालून पंढरपूरला पोचते. ही कथा मला नेहमी घरच्या गोष्टीसारखी वाटते. आईबाप नसलेली चार भावंडं, थोरल्याला काहीतरी खावंसं वाटतंय आणि धाकटी बहीण ते करून घालण्यासाठी धडपडतेय. भाजायला भांडं नाही, तर भाऊ स्वतःची पाठ देतो. चार हातांनी होणारी पोळी तिथंही चार हातांनीच झाली.

आता हे कसब कुठं टिकून आहे? गावांत आहेच. शिवाय मुंबईतल्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात, पुण्याच्या भीमथडी जत्रेत खानदेशातल्या बचत गटांच्या बायका खापर मांडून बसतात आणि हातावर वाढणारी पोळी पाहायला गर्दी जमते. धातूची खापरं आल्यापासून गॅसवरही मांडे होतात. मातीच्या खापराचा वास त्यांना येत नाही, पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्या सुनेला त्यामुळं मांडे करता येत असतील तर मी त्या खापराच्याच बाजूनं बोलेन. काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. पीठ किती सैल, किती वेळ मुरवायचं, जाळ कधी ओढायचा, हे सगळं आजही बायकांच्या हातात आणि तोंडात आहे, कागदावर जवळपास नाही. बहिणाबाई चौधरींचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. जळगावजवळच्या आसोद्यात 1880 मध्ये जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्याशी, चुलीशी, शेतात काम करता करता त्यांनी रचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ऐकून उतरवून घेतली, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर 1952 मध्ये ती पुस्तकात आली. उतरवून घेणारं कुणी जवळ नसतं तर ती गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती. घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या मांड्याचं, बिबड्यांचं, काळ्या मसाल्याचंही तेच आहे. तिला प्रमाण विचारलं तर ती ‘अंदाजानं’ म्हणेल. तिच्या शेजारी बसून, तिनं मूठ भरली की ती काट्यावर टाकून, आकडा लिहून घ्यावा लागतो. फोनवर चित्रीकरण केलं तर आणखी चांगलं, कारण पिठाची तार शब्दांत पकडता येत नाही.

दिवाळीत मात्र खानदेशी कुटुंबाचा मोर्चा एका वेगळ्याच आगीकडं वळायचा. घरोघरी ओव्हन येण्याआधी नानकटाई गल्लीतल्या बेकरीत जाऊन पाडून आणायची असे. मैदा, थोडं बेसन, मूठभर रवा, पिठीसाखर, तूप आणि वेलदोड्याची पूड घेऊन आई आणि काकू संध्याकाळी निघायच्या आणि डबे सांभाळायला आम्ही पोरं मागं. किलोभर पिठाला अर्धा ते पाऊण किलो तूप आणि अर्धा किलो पिठीसाखर हे ढोबळ प्रमाण. बेकरीतला कारागीर तूप आणि साखर हातानं फेसायला सांगायचा. पांढरं, हलकं होईपर्यंत फेसलं की त्यात हवा अडकते आणि बिस्कीट खुसखुशीत होतं. तूप फार पातळ असलं तर बिस्किटं भट्टीत पसरून एकमेकांना चिकटतात. पत्र्याच्या ट्रेवर गोळे मांडून, वर चारोळी दाबून, आपला ट्रे ओळखू यावा म्हणून कोपऱ्यात खूण करायची आणि नंबर लागेपर्यंत बाकावर बसायचं.

नंबर रात्री उशिरा लागायचा, त्यालाही कारण होतं. लाकडाच्या भट्टीत आधी पाव भाजला जातो, त्याला कडक आच लागते. पाव निघाला की भट्टी हळूहळू निवत जाते आणि नानकटाईला हीच उतरती, शांत ऊब हवी असते. तापत्या भट्टीत ती वरून करपते आणि आतून कच्ची राहते. त्या तास-दोन तासांच्या थांबण्यात गल्लीतल्या बायकांची निम्मी दिवाळी होऊन जायची. कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाचा भाऊ येणार नाही, चकली का हसते, चिवड्याचे पोहे कुठून आणले. गरम ट्रेतली पहिली बिस्किटं शेजारच्या बाकावर फिरायची. घरी पोचेपर्यंत आपल्या डब्यात तीन-चार घरांची नानकटाई आलेली असे.

नानकटाई आमच्याकडं बहुधा सुरतेच्या वाटेनं आली असावी. डचांनी सुरत सोडताना आपली भट्टी दोटीवाला या पारशी कुटुंबाकडं दिली आणि तिथंच पुढं हे बिस्कीट घडलं, असं परंपरेनं सांगतात. सुरत आणि खानदेश यांची वाट तर फार जुनी आहे. सतराव्या शतकात सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाणारे व्यापारी नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असे मुक्काम करत. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए यानं तर नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो असं लिहून ठेवलंय. पुढं तापीच्या खोऱ्यातून रेल्वे आली आणि ही वाट भुसावळ-सुरत गाडीची झाली. कापड गिरण्यांत, हिऱ्यांच्या कारखान्यांत कामाला गेलेली खानदेशी माणसं सुरतेच्या उधना-लिंबायत भागात इतकी आहेत की तिथं अहिराणी कानावर पडल्याशिवाय राहत नाही. दिवाळीनंतरच्या त्या गाडीत चढून पाहा. सीटखाली बिबड्यांची पिशवी, कापडात बांधलेला काळा मसाला, बरणीत आंब्याचं लोणचं आणि मांडीवर बिस्किटांचा डबा. डब्यावर नाव असतंच, कारण तो रिकामा करून परत पाठवायचा असतो. माझ्या अनुभवानं तो कधीच रिकामा परत येत नाही. सुरतेहून येताना त्यात तिथली घारी ही मिठाई असते.

खानदेशातली सहलही खाण्याशिवाय ठरत नाही. हिवाळ्यात मळ्यात भरिताचा बेत होतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती मोठी, हिरवी, कमी बियांची वांगी शेतातल्याच काड्यांवर भाजून, लाकडी भांड्यात ठेचून, कांद्याची पात आणि मिरची घालून करायची आणि कळण्याच्या भाकरीशी खायची. सातपुड्याच्या कुशीत मनुदेवीला, एरंडोलजवळ पद्मालयाला जाताना सोबत वरण-बट्टीचा शिधा घेतला जातो. जाडसर दळलेला गहू, त्यात थोडा मका, ओवा, हळद आणि तुपाचं मोहन. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर, राखेत पुरून बट्टी भाजतात. गोवरी मंद आणि सारखी जळते म्हणून बट्टी आतपर्यंत शिजते. घरी करताना बहुतेक जण ती उकडून, काप करून तळतात. तीही चांगली लागते, पण राख झटकून फोडलेली, तूप पिणारी बट्टी झाडाखाली बसूनच खावी.

या सगळ्यांत कुटुंबाला सगळ्यात घट्ट बांधणारं भाजलेलं अन्न म्हणजे कानबाईचे रोट. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. घरात परंपरेनं पूजलेला नारळ सजवून, फुलांच्या आणि दिव्यांच्या आराशीत ती मांडली जाते, रात्रभर गाण्यांचं जागरण होतं आणि सोमवारी वाजतगाजत पांझरा, गिरणा, बोरी, तापी, जी जवळ असेल त्या नदीवर विसर्जन होतं. गणपती-दिवाळीला न येणारा माणूस कानबाईला येतो. आठवडाभर आधीपासून फोन सुरू होतात, “कानबाईले येशी ना भाऊ?” पुण्या-मुंबईचे, नाशिकचे, सुरतेचे भाऊबंद एका घरात जमतात आणि जिथं एरवी चार माणसं असतात तिथं चाळीस झोपतात.

रोटांचं दळण मापानं घेत नाहीत, नावानं घेतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ धान्य काढायचं. आजोबांच्या नावाची, काकांची, दुबईत असलेल्या पुतण्याची, गेल्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचीही. कोण आलंय आणि कोण नाही आलं, मूठ सगळ्यांची पडते. त्या दळणाचे रोट, पुरणाच्या पोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी असा नैवेद्य होतो. उरलेले रोट भाऊबंदांनीच खायचे आणि श्रावणी पौर्णिमेच्या आत संपवायचे. पंचमीनंतरचा रविवार कधी येतो त्यावर हे दिवस अवलंबून असतात. कधी तीन हातात असतात, कधी आठ-नऊ. जे थांबू शकतात ते दुधाबरोबर, दह्याबरोबर रोट खात गावीच राहतात आणि ज्यांची रजा संपली ते सोमवारी रात्रीच्या गाडीला लागतात. रोट घराबाहेर न्यायचे की नाही, लग्न झालेल्या लेकीनं खायचे की नाही, याचे नियम घराघरांत वेगळे आहेत आणि त्यावर दरवर्षी वाद होतात.

या वादात माझंही एक म्हणणं आहे. धान्य निवडणाऱ्या, दळणासाठी चक्की गाठणाऱ्या, रात्रभर जागून गाणी म्हणणाऱ्या आणि चुलीशी बसून रोट भाजणाऱ्या सगळ्या बायका, आणि मूठ मात्र फक्त पुरुषांच्या नावाची. येत्या श्रावणात आमच्या घरी लेकी-सुनांच्या नावाचीही मूठ पडावी, हे मी थोरल्या काकांना सांगितलंय. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. काकू शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “गहू दुप्पट निवडावे लागतील. लवकर या म्हणजे झालं.”