रंगाला फसू नका, पट्टे पाहा

पावसाळ्यात आपल्या जालना जिल्ह्यात बांधावर निळसर झाक मारणारा, दीड-दोन फूट लांबीचा साप दिसला तर लगेच काठी उचलू नका. लांबूनच नीट पाहा. ती बिनविषारी नानेटी असू शकते. घाबरून ती अंग फुगवते, तेव्हा खवल्यांमधली रंगीत कातडी दिसू लागते. खरी खूण पट्ट्यांची. नानेटीच्या पाठीवर शेपटीपर्यंत दोन पिवळसर उभे पट्टे असतात. विषारी मण्यारीच्या काळसर अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. नानेटीचे खाणे मुख्यतः बेडूक. ओळख पटली नाही, तर विषारी समजून दूर राहा. साप चावलाच, तर मांत्रिकाकडे वेळ न दवडता १०८ क्रमांकावर फोन करून सरकारी दवाखाना गाठा.