चाकाआडचा रबरी पडदा

जुनी गाडी रिस्टोअर करायला काढली की बघायला येणारे आधी रंगाचं विचारतात, मग क्रोमचं, मग इंजिनाचं. पुढच्या मडगार्डच्या आत, चाकाच्या डोक्यावर लोंबणाऱ्या रबराची चौकशी कुणी करत नाही. पण गेल्या साठ वर्षांत कुठल्या गाड्या वाचल्या आणि कुठल्या भंगारात गेल्या याचा मागोवा घ्यायचा झाला, तर मी त्या रबरापासूनच सुरुवात करीन.

१९६७ च्या मॉडेलची शेव्हरोले कमॅरो घ्या. बोनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना मडगार्डची आतली भिंत दिसते. सस्पेन्शनचा वरचा हात, म्हणजे ए-आर्म, या भिंतीतूनच चाकाकडे जातो. चाक वर-खाली झालं की हातही हलणार, म्हणून पत्र्यात ऐसपैस भोक ठेवावं लागतं. ते तसंच उघडं ठेवलं तर चाकानं उडवलेलं पाणी, चिखल आणि खडी थेट इंजिनावर येते. म्हणून कारखान्यात त्यावर रबराचा पडदा लावायचे, साधारण तीन मिलिमीटर जाडीचा. त्याची वरची कड जाड तारेच्या स्टेपलनी पत्र्याला टाचलेली आणि खालची मोकळी, म्हणजे हात हलला की पडदाही हलेल. जनरल मोटर्सच्या त्या काळातल्या अनेक गाड्यांत हीच पद्धत होती. १९६४ साली आलेल्या फोर्ड मस्टँगमध्ये चाकामागे पत्र्याची आडभिंत आणि तिच्या कडेला रबराची पट्टी असायची. रूप वेगळं, काम तेच.

हे काम दिसत नाही, म्हणूनच ते दुर्लक्षित राहिलं. पडदा फाटला तरी गाडी त्याच दिवशी बंद पडत नाही. पहिल्या पावसात डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल शिरते आणि इंजिन मिसिंग करतं. मेकॅनिक टोपी पुसून देतो, गाडी चालू होते आणि विषय तिथेच संपतो. वायरिंगचे जोड हिरवे पडायला लागतात, बॅटरीखालचा ट्रे गंजतो, मग मडगार्डच्या नटबोल्टांचा लगदा होतो. इतकं होईपर्यंत गाडीचा दुसरा किंवा तिसरा मालक आलेला असतो, आणि पत्रा का गेला ते त्याला कुणी सांगत नाही.

त्या काळचं रबरही फार टिकणारं नव्हतं. चार्ल्स गुडइयरनं १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांच्या जोरावर रबर पक्कं करण्याची युक्ती शोधली. पण नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या साखळीत जे दुहेरी बंध असतात, त्यांतले पुष्कळसे या प्रक्रियेनंतरही शिल्लक राहतात. दुसऱ्या महायुद्धात मलाया जपानच्या ताब्यात गेल्यावर अमेरिकेनं कृत्रिम रबराचं उत्पादन प्रचंड वाढवलं. त्यातल्या सर्वाधिक वापरल्या गेलेल्या प्रकाराचीही अडचण हीच होती. हवेतला ओझोन नेमका या बंधांवर घाव घालतो, आणि रबर जिथे ताणलेलं किंवा वाकलेलं असेल तिथे आधी. जुना पडदा हातात घेऊन बघा. मधला सपाट भाग बरा असतो, पण स्टेपलच्या रांगेखाली, जिथे तो रोज दुमडला जायचा, तिथे ताणाला आडव्या बारीक भेगा पडलेल्या असतात. त्यात शेजारी तापलेलं एक्झॉस्ट, वरून ठिबकणारं ऑइल आणि हाताआड येतो म्हणून पडदा सरळ कापून टाकणारे मेकॅनिक. सत्तरच्या दशकाअखेर अमेरिकेतल्या वापरातल्या कितीतरी गाड्यांत त्या जागी नुसती स्टेपलची भोकं उरली होती.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आणि बरीच जास्त ओली.

जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना सुरू केला आणि १९५४ मध्ये बंद केला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. सत्तरच्या दशकात तीच गाडी आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. नवं शतक उजाडेपर्यंत ती निघत राहिली. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्रा हाच तिचा सांगाडा. गंज लागला की नुसता चेहरा विद्रूप होत नाही, गाडीचं बळच जातं. मुंबईचं पाणी म्हणजे चार महिने पाऊस आणि बाराही महिने खारा वारा.

पुढचं मडगार्ड उतरवून बघितलेल्या माणसाला पद्मिनी कुठे सडते हे वेगळं सांगावं लागत नाही. एक जागा हेडलाइटच्या वाटीमागे आणि दुसरी चाकाच्या मागे, दारापाशी, जिथे मडगार्डचं खालचं टोक उंबरठ्याला भिडतं. त्या कोपऱ्यात चाकानं फेकलेली माती साचते. कोकणात फिरलेल्या गाडीत तर तांबड्या मातीचा घट्ट थर स्क्रूड्रायव्हरनं उकरून काढावा लागतो. वरून तो कोरडा ठणठणीत असतो, पण आत बोट घातलं तर ओलं लागतं, अगदी दिवाळी उलटून गेल्यावरसुद्धा. पत्रा खाल्ला जातो तो या ओलीनं, आणि आतून बाहेर. रंगावर फुगा दिसेपर्यंत मागे काही उरलेलं नसतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरात बुडालेल्या गाड्यांची इंजिनं खोलून साफ झाली, सीट उन्हात वाळल्या. पोकळ्यांत शिरलेला गाळ मात्र बऱ्याच गाड्यांत तसाच राहिला आणि पुढची काही वर्षं आपलं काम करत राहिला.

या सगळ्या काळात गाड्या जगवल्या त्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी. रबराचा तयार भाग मिळाला नाही तर ते ट्रकची जुनी ट्यूब फाडायचे, तिचा पडदा कापायचे आणि जाड वॉशर घालून बोल्टनं आवळायचे. काही जण कारखान्यांतून निघालेला कन्व्हेयरचा पट्टा वापरायचे. रिस्टोरेशनवाल्या मंडळींनी या कामाला फार काळ नाकं मुरडली. मला ते अन्यायाचं वाटतं. ट्यूबसाठी वापरलं जाणारं ब्यूटाइल रबर हवा धरून ठेवतं म्हणून निवडलेलं असतं. पण त्याच्या साखळीत दुहेरी बंध अगदी मोजके असतात, त्यामुळे ओझोनचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणजे ब्यूटाइलच्या ट्यूबेतून कापलेला पडदा मूळ पडद्यापेक्षा जास्त टिकणार, हे रसायनशास्त्रच सांगतं. मिस्त्रींना साखळ्या आणि बंध ठाऊक नसतील, पण कुठला तुकडा किती पावसाळे काढतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

अमेरिकेत जुन्या गाड्यांचा शौक वाढला तसे हे पडदे पुन्हा तयार होऊ लागले, सोबत तशाच स्टेपलची पुडी. आपल्याकडे हे उशिरा सुरू झालं. आपल्या रिस्टोरेशनचा पैसा पुष्कळ वर्षं रंग, क्रोम आणि सीट कव्हर यांतच जात राहिला. मेळाव्यात आरशासारखी चमकणारी फियाट दिसली की मी वाकून चाकाआड बघतो. तिथे बऱ्याचदा काळं अंडरकोटिंग फासलेलं असतं, त्याखाली लांबी, लांबीखाली गंज आणि रबराचा पत्ताच नसतो. अशा गाडीवर ओतलेले लाखभर रुपये चार-पाच पावसाळ्यांत वाहून जातात, आणि मालकानं मनापासून जीव लावलेला असतो म्हणून ते जास्त लागतं.

आता सामानाबद्दल. साठच्या दशकात ईपीडीएम नावाचं रबर बाजारात आलं. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नाहीत, त्यामुळे ऊन, ओझोन आणि पाणी यांचा त्याला त्रास होत नाही. दाराच्या बीडिंगला आणि चाकाआडच्या पडद्याला ते उत्तम. पण पेट्रोल आणि ऑइल लागलं की ते फुगतं. जिथे इंजिनातून ऑइल झिरपतं तिथे आधी गळती बंद करायची, नाहीतर नायट्राइल रबर घ्यायचं. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या दुकानांत कधीकधी कंपनीच्या पिशवीतला जुना, न वापरलेला माल हाती लागतो आणि जीव हरखतो. गिअर असेल, बेअरिंग असेल तर डोळे मिटून घ्यावं. रबर असेल तर आधी वाकवून बघावं, कारण कपाटात पडून राहूनही ते म्हातारं होतं. नव्या रबरावर कधी पांढरट पावडरीसारखा थर दिसतो. पुष्कळदा तो आतून वर आलेल्या मेणाचा असतो आणि ओझोन अडवण्यासाठीच ते मेण घातलेलं असतं. आपल्याकडे ते मळकट दिसतं म्हणून डिझेलच्या फडक्यानं पुसतात, आणि डिझेल त्याच रबराला फुगवून मऊ करतं. चमक आणणारा सिलिकॉनचा स्प्रेही पेंटिंगच्या आधी गॅरेजमध्ये काढू नये. त्याचा अंश पत्र्यावर बसला की रंग तिथून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

पडदा नव्यानं करायचा तर मडगार्ड उतरवलेलं असतानाच करावा. जुना फाटका तुकडा पुठ्ठ्यावर पसरून खडूनं बाह्यरेषा काढायची. रबर आकसलेलं असतं, म्हणून भोकांची मापं तुकड्यावरून घ्यायची नाहीत, पत्र्यावरून घ्यायची. पुठ्ठा जागेवर धरून ए-आर्म जॅकनं पूर्ण वर आणि मग पूर्ण खाली न्यायचा, कुठे अडकतो ते बघायचं आणि तेवढंच कापायचं. मगच रबराला हात लावायचा. भोकं गोल पंचनंच पाडायची, कारण सुरीनं पाडलेल्या भोकाच्या कोपऱ्यातून रबर फाटत जातं. पत्र्यातल्या भोकांच्या कडांना प्रायमर आणि रंग लागल्याशिवाय स्टेपल घालायचे नाहीत, नाहीतर गंजाची सुरुवात तिथूनच होते. अमेरिकन गाडीत मी स्टेपलच वापरावेत असं म्हणेन. जुन्याच भोकांतून घालून मागून पकडीनं दुमडता येतात, आणि बोनेट उघडल्यावर ती रांग दिसायला हवी. रोजच्या वापरातल्या पद्मिनीत बोल्ट आणि रुंद वॉशर चालतील. एक पथ्य मात्र दोन्हीकडे सारखं. हौसेनं सगळ्या फटी सिलंटनं बुजवायच्या नाहीत. खालच्या कोपऱ्यातली पाणी निघून जायची वाट मोकळी हवी, कारण पडदा कितीही चांगला असला तरी थोडं पाणी आत येतंच.

मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची, ताडदेव आरटीओतली. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या. त्याआधी, २०२१ मध्ये, पन्नास वर्षांपुढच्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारनं व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यांना नंबर प्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. पहिल्या डिलाइट आता त्यात बसतात आणि दरवर्षी आणखी गाड्या बसत जातील. म्हणजे गाडी मूळ स्वरूपात राखण्याची गरज वाढते आहे, आणि नेमक्या याच वेळी ज्यांच्या रोजच्या मागणीवर रबराचा किरकोळ माल निघत होता त्या टॅक्सी राहिलेल्या नाहीत. उठाव नसला की साचा अडगळीत जातो आणि अडगळीतून भंगारात.

म्हणून ज्यांच्या गाडीत मूळ रबराचा तुकडा अजून आहे, मग तो कितीही चिरलेला असो, त्यांनी तो फेकण्याआधी साध्या कागदावर उतरवून घ्यावा. जाडी मिलिमीटरमध्ये लिहावी, आत कापडाचा थर आहे का ते बघावं, डावा की उजवा, वरची कड कुठली, गाडी कुठल्या सालची, हेही लिहावं. भोकांमधलं अंतर पत्र्यावरून मोजून शेजारी नोंदवावं. पावसाळा संपून गाडी धुवायला काढाल त्या रविवारी तासाभराचं काम आहे, आणि त्या कागदावरून कुठलाही रबरवाला उद्या पडदा कापून देऊ शकेल.