सरकीतलं तेल, चुलीतली पऱ्हाटी

राळेगाव-वणीकडच्या कुठल्याही जिनिंगमध्ये पाहा, रेच्यातून रुई एकीकडे उडते आणि सरकी खाली गळते. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण 34-35 किलो. बाकी बहुतेक सरकीच. भाव मात्र रुईच्या तोऱ्यावर ठरतो.

ती सरकी ब्लेडने चिरली. आत घड्या घातलेली दोन बीजपत्रं, त्यांवर काळपट ठिपके. ठिपक्यांत गॉसिपॉल, किडीला आणि माणसालाही न मानवणारं. बाकीच्या पेशी तेलाच्या सूक्ष्म थेंबांनी आणि प्रथिनांनी ठासलेल्या. ज्वारीसारखं पिठूळ काही नाही. ग्रॅमभर पिष्टातून सुमारे 4 किलोकॅलरी मिळतात, तेलातून 9. एवढ्याशा बियाला तेलच परवडतं.

दुसरी सरकी ओल्या फडक्यात ठेवली. दोन-तीन दिवसांत पांढरं मूळ डोकावलं. गंमत इथे आहे. तेल पाण्यात विरघळत नाही, मग ते मुळाच्या टोकाला पोचायचं कसं? बीजपत्रातल्या ग्लायॉक्झिसोम नावाच्या इवल्या कप्प्यांत तेलातली मेदाम्लं मोडतात, पुढे त्यांची साखर बनते आणि ती मुळाकडे वाहते. तिथे मायटोकॉन्ड्रियात ती जळून एटीपी, म्हणजे पेशीला खर्चायला तयार ऊर्जा, बनतो. मेदाम्लांची साखर करणं आपल्या शरीराला जवळजवळ जमत नाही, सरकीला जमतं.

रुईचा एकेक धागा म्हणजे बियाच्या सालीवरची एकच पेशी, दोन-तीन सेंटीमीटर लांब वाढलेली. झाडाने तिच्या भिंतीत ग्लुकोजच ओतलेलं असतं, पण सेल्युलोजच्या रूपात. ते कोंबाला परत वापरता येत नाही. तेल ही झाडाची ठेव, धागा हा खर्च. बाजार दाम मोजतो तो खर्चाचा.

"सरकी ढोराइले, पऱ्हाटी चुलीले," वेचणीवरच्या एका बाईंनी हिशेब सांगितला. गाईच्या पोटातले जंतू सरकीच्या सालीतलं सेल्युलोज फोडतात. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचं, तेच काम चूल भसकन करते, एटीपीचा कणही न बनवता. भाकरी मात्र भाजून निघते.

ती भाकरी पुढे बाईंच्या दंडात ग्लायकोजेन होऊन बसते. स्नायूतला तयार एटीपी काही सेकंदच पुरतो. मग फॉस्फोक्रिएटिन त्याला सावरतं. ते 1927 साली हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासोबत शोधलं यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी, भीमावरमच्या माणसाने. फॉस्फोक्रिएटिन संपल्यावर दिवसभराची मदार ग्लायकोजेन आणि चरबीवर. मजुरी किलोवर ठरलेली, त्यामुळे बाईंचा हात बोलतानाही बोंडावरून हलत नव्हता.