आठ जिल्ह्यांचा प्रांत, पण सभागृह कुठे?

नांदेड जिल्ह्यातल्या उमरी तालुक्यातल्या गावात बाप वारला की पोरांची नावे सातबाऱ्याला लावण्यासाठी अर्ज तलाठ्याकडे जातो. तलाठी वारसांचा फेरफार धरतो, संबंधितांना नोटीस काढतो, एक प्रत चावडीवर डकवतो. पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो आणि विषय संपतो. एखाद्या भावाने हरकत घेतली तर मात्र कागद चालू लागतो. मंडळ अधिकाऱ्याच्या निर्णयावर प्रांत अधिकाऱ्याकडे अपील, त्यावर नांदेडला अपर जिल्हाधिकाऱ्याकडे, तिथेही मिटले नाही तर छत्रपती संभाजीनगरला विभागीय आयुक्तालयात. उमरीहून ते जवळजवळ तीनशे किलोमीटर. चार गुंठ्यांच्या वाटणीसाठी माणूस रात्रीची गाडी धरतो, वकिलाच्या ओट्यावर सकाळ काढतो आणि पुढची तारीख घेऊन परततो.

ज्या प्रांताच्या मुख्य ठाण्याला हा माणूस गेलेला असतो, तो आपला मराठवाडा. आठ जिल्हे, 76 तालुके, साडेचौसष्ट हजार चौरस किलोमीटर मुलूख आणि 2011 च्या जनगणनेप्रमाणे 1 कोटी 87 लाख लोक. सरकारी कागदावर त्याचे नाव ‘छत्रपती संभाजीनगर महसूल विभाग’. लोक त्याला प्रांत समजतात, निवडणुकीच्या सभेत पुढारी त्याच्या नावाने मते मागतात, 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, त्याच्या नावाने झेंडा फडकतो. पण या प्रांताचा कारभार नेमका करतो कोण, हे विचारले तर गावच्या शिकल्यासवरल्या माणसालाही एका दमात सांगता येत नाही.

त्यात त्याचा दोष नाही. उमरीच्या शेतकऱ्याचा महसूल संभाजीनगरच्या आयुक्तांकडे. त्याच्या पिकाचे पाहणारे कृषी सहसंचालक लातूरला. मुलगी दहावीला बसली तर तिचे मंडळही लातूरचे. ती पुढे पदवीला गेली तर विद्यापीठ नांदेडचे, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे, 1994 साली वेगळे झालेले. पोलीस परिक्षेत्र नांदेडचे. उच्च न्यायालयाचे खंडपीठ संभाजीनगरला, 1981 पासून. आणि गावाजवळून धावणाऱ्या रेल्वेचे झोनचे कार्यालय सिकंदराबादला. प्रत्येक खात्याने मराठवाड्याची आपापली वाटणी करून घेतली आहे आणि एकाची हद्द दुसऱ्याशी जुळत नाही. या सगळ्या खात्यांच्या साहेबांना एका टेबलाशी बसवून ‘अतिवृष्टीत माझे सोयाबीन गेले, आता काय करता?’ असे विचारू शकेल असा लोकांनी निवडलेला प्रांताचा माणूस एकही नाही.

याची मुळे निजामी राज्यात आहेत. 1865 च्या सुमारास हैदराबादच्या निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी, केली. वर सुभेदार, जिल्ह्याला अव्वल तालुकदार, त्याखाली तहसीलदार, गावात पाटील-पटवारी अशी उतरंड बसली. वसुली आणि बंदोबस्त ही तिची कामे. दप्तर उर्दूत. गावच्या रयतेला त्यातले अक्षर कळत नसे. मराठवाड्यातल्या जमिनीच्या वादात आजही 1954-55 चे खासरा पत्रक काढावे लागते, जुन्या नोंदी उर्दू जाणणाऱ्याकडून वाचून घ्याव्या लागतात. 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा तहसीलच्या रेकॉर्डरूममधले रुमाल कित्येक वर्षांनी सुटले आणि उर्दू-मोडी वाचणाऱ्यांना किंमत आली. दप्तर जिवंत असते ते असे.

निजामाच्या राज्याविरुद्ध उमरीत जे घडले ते मराठवाड्याच्या इतिहासात नोंदलेले आहे. 30 जानेवारी 1948 ला, दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, हैदराबाद मुक्तिलढ्यातल्या सैनिकांनी उमरीच्या हैदराबाद स्टेट बँकेवर धाड घालून आंदोलनासाठी पैसा मिळवला. त्याच वर्षी सप्टेंबरात निजामाची सत्ता संपली. पुढे 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. सुभेदार गेले, आयुक्त आले. पायऱ्यांची रचना मात्र बरीचशी तीच राहिली.

लोकांच्या बाजूची दुसरी उतरंड उभी राहिली ती 1 मे 1962 ला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीनुसार जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. जिल्हाधिकारी सरकारचा, जिल्हा परिषदेचा अध्यक्ष लोकांचा. महसूल आणि कायदा-सुव्यवस्था एकाकडे. शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा, गावचे रस्ते दुसऱ्याकडे. महाराष्ट्राने देशाला दिलेल्या चांगल्या गोष्टींत मी ही रचना फार वर धरतो. पण ती जिल्ह्याशी येऊन थांबली. जिल्ह्याच्या वर, आठ जिल्ह्यांच्या पातळीवर, आयुक्त आहेत. त्यांच्या समोर बसणारे सभागृह नाही.

असे सभागृह असू शकते का? पोलंडकडे पाहावे. तो देश क्षेत्रफळाने साधारण आपल्या महाराष्ट्राएवढा. तिथे 1 जानेवारी 1999 पासून 49 प्रांतांचे 16 प्रांत झाले. योगायोग असा की त्याच 1999 साली उमरीला तालुका मिळाला, परभणीतून हिंगोली जिल्हा निघाला आणि नांदेडचे तालुके 16 झाले. पोलंडच्या प्रत्येक प्रांताला दोन प्रमुख असतात. ‘वोयेवोदा’ पंतप्रधान नेमतात. आपत्ती व्यवस्थापन, कायदेशीर देखरेख ही त्याची कामे. दुसरा ‘मार्शाउएक’. लोक दर पाच वर्षांनी ‘सेयमिक’ नावाचे प्रांतिक सभागृह निवडतात आणि ते सभागृह मार्शाउएक निवडते. प्रांताचे मोठे रस्ते, प्रादेशिक रेल्वेगाड्या, प्रांताच्या अखत्यारीतली रुग्णालये, युरोपीय संघाकडून येणाऱ्या पैशाचा विनियोग, हे त्याच्याकडे. ओपोले हा तिथला सगळ्यात छोटा प्रांत. क्षेत्रफळ सुमारे 9,400 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नांदेड जिल्ह्याहून थोडे कमी. लोकसंख्या दहा लाखांच्या आत, नांदेडच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तरी त्याला 30 सदस्यांचे स्वतःचे सभागृह आहे. 1998 साली सरकार हा प्रांत शेजारच्या सायलेशियात विलीन करायला निघाले होते. ओपोलेचे लोक हातात हात धरून रस्त्यावर उभे राहिले आणि त्यांनी तो वाचवला. मराठवाडा पोलंडच्या कोणत्याही प्रांताहून मोठा आहे.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एक गोष्ट होती: वैधानिक विकास मंडळ. घटनेच्या 371(2) कलमाखाली 1994 साली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी अशी मंडळे आली. अनुशेष मोजायचा आणि तो भरून निघतो की नाही हे राज्यपालांच्या नजरेला आणायचे, हे त्यांचे काम. निवडून आलेले सभागृह ते नव्हतेच, सदस्य नेमलेले असत. तरी सिंचनाचा अनुशेष आकड्यांत मांडून तो राज्यपालांपुढे ठेवण्याची घटनेने दिलेली जागा तेवढी एकच होती. या मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. 2022 च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने पुनर्गठनाचा निर्णय घेतला. पण निर्णय म्हणजे मंडळ नव्हे.

आणि जे होते तेही हातचे सुटले. नांदेड जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि तीन वर्षांहून अधिक काळ जिल्हा परिषद, पंचायत समित्या प्रशासकाच्या हाती राहिल्या. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा कुठे राज्यातल्या स्थानिक निवडणुकांची चक्रे हलली. या रिकामपणाचा फटका आणखी एका ठिकाणी बसला. जिल्हा नियोजन समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या सदस्यांमधून निवडायचे असे घटना सांगते. तिकडे सदस्यच नसतील तर इकडे कोण येणार? राहतात पालकमंत्री, आमदार-खासदार आणि अधिकारी. शाळेच्या गळक्या खोलीचा प्रश्न घेऊन गावकरी ज्याच्या घरी सकाळी चहाला जाऊन बसायचा, तो झेडपी मेंबर या काळात नव्हता. गटविकास अधिकारी भला असला तरी त्याची बदली होते. मेंबरला पाच वर्षांनी पुन्हा त्याच दारात मत मागायला यावे लागते.

2009 पासून नवे विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावर भांडण चालू आहे. आयुक्तालय जवळ आले तर उमरीच्या माणसाची एक रात्र वाचेल आणि ती वाचलीच पाहिजे. परंतु दोन शहरांच्या या ओढाताणीत मूळ मागणी मागे पडली. साहेबाची खुर्ची कुठे मांडायची यावर मोर्चे निघतात; त्या खुर्चीसमोर बसून हिशेब मागणारे सभागृह हवे, यासाठी एकही मोर्चा निघाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

तेव्हा मराठवाड्यातल्या प्रत्येक मतदाराला विनंती आहे. पुढचा उमेदवार दारात आला की रस्ता-नाली जरूर मागा, पण तीन प्रश्न आधी विचारा: जिल्हा परिषद पुन्हा कधी रिकामी राहणार नाही याची हमी कायद्यात घालाल का, वैधानिक विकास मंडळ परत आणाल का, आणि आले तर त्याचे सदस्य आमच्या मतांनी निवडाल का? उत्तर लेखी घ्या.