भोंगा, ट्रान्सफॉर्मर आणि वॅटचा हिशेब

शिवरात्रीला औंढा नागनाथ, दसऱ्याला हिंगोलीचा महोत्सव, एकादशीला संत नामदेवांचे नर्सी आणि गावोगावचे अखंड हरिनाम सप्ताह. हिंगोली जिल्ह्यात माणसे जमली की भोंगा लागतोच. पण कीर्तन ऐकताना पुढच्यांचे कान बधिर होतात आणि वेशीपाशी नुसती गुणगुण पोहोचते. मग पुढच्या वर्षी वर्गणी वाढवून मोठा अँप्लिफायर येतो. दोष मात्र बहुतेक वेळा जोडणीत असतो.

अँप्लिफायरपासून 200 मीटरवर 16 ओहमचे चार भोंगे समांतर जोडले, तर त्यांचा एकत्रित भार 4 ओहम होतो. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन रोध सुमारे 7 ओहम. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश ताकद तारेतच उष्णता होऊन जाते. भोंग्यांच्या वाट्याला उरते फक्त एक तृतीयांश.

हीच अडचण वीजपुरवठ्यातही असते. म्हणून महावितरण 11 हजार व्होल्टच्या तारेने गावच्या डीपीपर्यंत वीज आणते आणि तिथे दाब उतरवते. दाब वाढला की त्याच ताकदीसाठी प्रवाह कमी लागतो आणि तारेतली गळती घटते. भोंग्यांसाठीची 100 व्होल्ट लाईनची पद्धत याच तत्त्वावर चालते. प्रत्येक भोंग्याजवळचा लाईन ट्रान्सफॉर्मर दाब उतरवून युनिटला, म्हणजे भोंग्याच्या आवाज काढणाऱ्या भागाला, योग्य ताकद देतो. ती किती वॅटची, हे ट्रान्सफॉर्मरवरचा कोणता टॅप जोडला त्यावर ठरते.

त्याचा हिशेब सोपा आहे. 10,000 ला टॅपच्या वॅटने भागा. लाईनवर दिसणारा भार ओहममध्ये मिळतो. 10 वॅटच्या टॅपला 1000 ओहम, 15 ला सुमारे 667, 30 ला 333. वरचेच चार भोंगे 15 वॅटच्या टॅपवर लावले, तर एकूण भार 167 ओहम होतो आणि त्याच तारेत जेमतेम 4 टक्के ताकद जाते.

100 व्होल्ट लाईनवर ओहमची गुंतागुंत करत बसावे लागत नाही. सगळ्या टॅपचे वॅट मिळवायचे; बेरीज अँप्लिफायरच्या वॅटपेक्षा कमी हवी. ओहममध्येच सांगायचे तर 250 वॅटच्या अँप्लिफायरला 40 ओहमपेक्षा कमी भार देऊ नये. पाचवा हिस्सा राखून ठेवला, तर त्यावर 15 वॅटचे 13 भोंगे निवांत चालतात.

चुका ठरावीक असतात. ट्रान्सफॉर्मरशिवाय भोंगा थेट 100 व्होल्टच्या टर्मिनलला लावला, की युनिट जळते किंवा अँप्लिफायर बसतो. 15 वॅटच्या युनिटला 30 वॅटचा टॅप दिला, तर डायफ्राम फाटू शकतो. साधा मल्टिमीटर ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीचा डीसी रोध दाखवतो, खरा भार नव्हे. त्यासाठी इम्पिडन्स मीटर हवा. शेजारच्या भोंग्यांचे प्लस-मायनस उलटसुलट झाले, तर दोन्हींचा आवाज एकमेकांना मारतो. आणि 100 व्होल्टचा झटका धोकादायक असतो, म्हणून उघडा जोड कधीही ठेवू नये.

टॅपचा खरा उपयोग आवाज वाटून देण्यात आहे. मंडपाजवळ 5 वॅट, दूरच्या रस्त्यावर 15 वॅट. भोंगे जास्त, प्रत्येकाचा आवाज कमी, तोंड श्रोत्यांकडे. असे केले तर शब्द स्पष्ट ऐकू येतो आणि शेजारच्या घरातल्या आजाऱ्याला, अभ्यासाला बसलेल्या मुलाला त्रास होत नाही. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेचे बंधन तर कायद्यानेच घातले आहे.

म्हणून यंदाच्या सप्ताहाची बैठक बसेल तेव्हा साउंडवाल्याला अँप्लिफायर किती वॅटचा आहे एवढेच विचारू नका. कोणता भोंगा कोणत्या टॅपवर आहे आणि बेरीज किती होते, तेही विचारा. तो हिशेब कागदावर हाती आल्याशिवाय नव्या अँप्लिफायरसाठी वर्गणी मागू नका.