झाइप्स विरुद्ध ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स

झाइप्स विरुद्ध ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ फेब्रुवारी १९८२ रोजी दिलेला निकाल आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या भागानुसार नोकरीतील भेदभावाची तक्रार आधी समान रोजगार संधी आयोगाकडे ठरावीक मुदतीत नोंदवावी लागते. ही मुदत चुकल्याने न्यायालयाची अधिकारिता नष्ट होत नाही, असे या निकालाने ठरवले.

पार्श्वभूमी

ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स आई झालेल्या हवाई सेविकांना उड्डाणाच्या कामावरून दूर करीत असे. त्याच कामावरील पुरुष वडील झाले तरी त्यांची उड्डाणे चालूच राहत. १९७० मध्ये कर्मचारी संघटनेने याविरुद्ध सामूहिक दावा दाखल केला. पुढे संघटनेच्या जागी काही सेविका स्वतः वादी झाल्या. तेव्हा तक्रारीची मुदत ९० दिवसांची होती. (१९७२ च्या दुरुस्तीने ती १८० दिवसांची, तर राज्यात स्वतंत्र यंत्रणा असल्यास ३०० दिवसांची झाली.)

धोरण बदलेपर्यंत भेदभाव चालूच होता, म्हणून कोणाचाही दावा मुदतबाह्य नाही, असे जिल्हा न्यायालयाचे मत पडले. सातव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने १९७८ मध्ये ते अमान्य केले. मुदतीत तक्रार ही अधिकारितेचीच पूर्वअट मानल्यामुळे सुमारे ९२ टक्के दावे बाद ठरत होते. दरम्यान उभयपक्षी ३० लाख डॉलर व सेवाज्येष्ठतेची तडजोड झाली. या ज्येष्ठतेस सेवेतील कर्मचाऱ्यांच्या नव्या संघटनेने हरकत घेतली. अधिकारिता पक्षकारांच्या संमतीने निर्माण होत नाही; त्यामुळे ती नसेल तर न्यायालय मुदतबाह्य सेविकांना तडजोडीतूनही काही देऊ शकत नाही, हा तिच्या युक्तिवादाचा गाभा होता.

निकाल

न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी निकालपत्र लिहिले; न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी सुनावणीत भाग घेतला नाही. जिल्हा न्यायालयांना अधिकारिता देणारे कलम आणि तक्रारीची मुदत सांगणारे कलम वेगवेगळे असून दुसऱ्यात अधिकारितेचा उल्लेखही नाही, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. ही अट इतर मुदतींसारखीच आहे: प्रतिवादी तिचा आक्षेप सोडून देऊ शकतो आणि न्याय्य कारण असल्यास न्यायालय मुदतीची मोजणी थांबवू शकते. ज्येष्ठतेचा आदेशही कायम राहिला.

मर्यादा व नंतरचे निकाल

मुदत यामुळे निरर्थक झाली नाही. वेळेत घेतलेला आक्षेप आजही दावा संपवू शकतो. विवाहामुळे १९६८ मध्ये नोकरी सोडावी लागलेल्या व १९७२ मध्ये पुन्हा रुजू झालेल्या सेविकेचा जुन्या ज्येष्ठतेचा दावा युनायटेड एअर लाइन्स विरुद्ध इव्हान्स (१९७७) या खटल्यात याच कारणाने फेटाळला गेला होता, आणि तो निकाल झाइप्सने रद्द केलेला नाही. फोर्ट बेंड काउंटी विरुद्ध डेव्हिस (२०१९) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाकडे तक्रार नोंदवण्याची अटही अधिकारितेची नसल्याचे एकमताने ठरवले. तेथे मालकाने हा आक्षेप खटला वर्षानुवर्षे चालल्यानंतर प्रथमच घेतला होता.